छोट्या डेस्कटॉपला स्टँडर्ड पार्ट बसवताना
एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे छोट्या आकाराच्या) डेस्कटॉपमधली रॅम आणि एसएसडी बहुतेक वेळा स्टँडर्डच असते, ती बदलायला दहा मिनिटं पुरतात. घोडं अडतं ते पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि पंख्यापाशी. त्यामुळे खरेदीआधी झाकण उघडून बघा.

नुसतं ग्राफिक्स कार्डच हवं असेल तर कॅबिनेट बदलायची गरज नाही. ज्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही असं, ७५ वॅटच्या आतलं लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड घ्या. जीटीएक्स १६५० त्या आकारातही येतं. मात्र स्लॉटशेजारी किती जागा आहे ते मोजा. दोन स्लॉट जाडीचं कार्ड कित्येकदा पॉवर सप्लायलाच धडकतं. आरएक्स ६४०० हे कार्ड फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटच्या जुन्या मदरबोर्डवर ते मंदावतं.

मोठं कार्ड हवं असेल तर बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये हलवावा लागतो, आणि खरी कटकट तिथे आहे. आधी बोर्डची भोकं मायक्रो-एटीएक्स या स्टँडर्ड आकाराशी जुळतात का ते बघा. ज्या स्टँडऑफवर (बोर्ड टेकतो त्या छोट्या खुंटीवर) भोक येत नाही तो काढून टाका, नाहीतर बोर्डखाली शॉर्ट होईल. काही मशीनमध्ये कूलरचे स्क्रू बोर्डमधून थेट कॅबिनेटच्या पत्र्यात जातात; तसं असेल तर सॉकेटला बसणारी बॅकप्लेट (बोर्डमागून कूलरचे स्क्रू धरणारी पट्टी) हवीच. कूलर काढला की थर्मल पेस्ट नवी लावायची.

डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच बोर्डांवर मुख्य पॉवर कनेक्टर २४ पिनांचा नसतो. त्यासाठी अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण पिना मोजून घेऊ नका, मॉडेल नंबर जुळवून घ्या. दिसायला सारख्या कनेक्टरची वायरिंग वेगळी असू शकते, आणि भलत्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की बोर्ड कामातून गेला. सीपीयूची ४ पिनांची केबल वेगळी जोडायची. ती राहिली तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते. जुन्या मशीनमध्ये ड्राइव्हला वीज बोर्डवरून मिळत असेल तर आता ती थेट सप्लायच्या साटा केबलने द्या.

पॉवर बटणाचा कनेक्टरही अनेकदा कंपनीचा स्वतःचा असतो. जुनं बटण केबलसकट उचलून नव्या कॅबिनेटमध्ये बसवणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. पंख्याचा प्लग ५ पिनांचा असेल तर त्याच बोर्डसाठीचा अ‍ॅडॉप्टर घ्या. पंख्याचा वेग बोर्डला कळला नाही की काही मॉडेल दर वेळी एरर दाखवून एफ१ दाबायची वाट बघत बसतात.

सगळं कॅबिनेटमध्ये कसण्याआधी बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर चालू करा. बायोसची स्क्रीन आली की मगच कार्ड आणि ड्राइव्ह जोडा.