"आम्हाला सूट आहे" असं उत्तर आलं तर काय करायचं: डेटा कायद्यातल्या सवलती कशा तपासायच्या

बँकेला नाहीतर एखाद्या ॲपवाल्याला मेल टाकला की माझा काय काय डेटा तुमच्याकडे आहे ते सांगा, नको तो काढून टाका, आणि तिकडून एका ओळीत उत्तर येतं, "कायद्याने आम्हाला सूट आहे". बरेच जण इथेच गप्प बसतात. बसू नका. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्ये कलम १७ खाली सूट आहे हे खरं, पण बहुतेक वेळा ती कंपनीच्या नावाला नसते, एका ठराविक कामाला असते. सगळी तपासणी याच्यावरच करायची.

पहिलं म्हणजे कॅलेंडर बघा. या कायद्याचे रूल्स नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटिफाय झाले आणि तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्या हक्कांची कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये चालू होतात. त्याआधी नकार आला तर सवलतीवरून भांडण्यात अर्थ नाही, हक्कच अजून चालू नाही.

मग तो डेटा या कायद्यात येतो का ते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात ना, त्या कागदावर आहेत तोवर हा कायदा तिथे जात नाही, स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतल्या की प्रश्न येतो. मावसभावाच्या फोनमधले लग्नाचे फोटो घरगुती कारणात गेले, आणि तुम्ही स्वतःच इन्स्टावर पब्लिक टाकलेला नंबर, तोही बाहेर. शिवाय माहिती मागायचा आणि पुसून घ्यायचा हक्क मुळात तुम्ही संमतीने दिलेल्या डेटापुरताच आहे, हे लोक हमखास विसरतात.

एवढं जमलं की साधा मेल करा: "कलम १७ च्या कोणत्या पोटकलमाखाली सूट घेताय, माझ्या कोणत्या डेटासाठी, आणि कोणत्या कामासाठी? बाकीच्या डेटाची माहिती द्या." कलम सांगायलाच हवं अशी वेगळी ओळ कायद्यात नाही, पण लेखी विचारलं की गोलमाल उत्तर देणं अवघड जातं, आणि शेवटचं वाक्य तर महत्त्वाचंच, कारण सूट एका कामापुरती असेल तर बाकीचा डेटा मोकळा राहतो.

सगळ्यात जास्त घोळ कर्जाच्या बाबतीत होणार असं मला वाटतं. समजा नाशिकमधल्या सातपूरच्या कोणी बँकेचं कर्ज घेतलं, हप्ते थकले, तर त्याची मालमत्ता, देणी वगैरे शोधायला बँकेला सूट आहे. पण त्याच माणसाचा नंबर इन्शुरन्स विकायला वापरला तर ते थकबाकी शोधण्याचं काम नाही, तिथे सूट चालत नाही. आणि ही सूट "वित्तीय संस्था" म्हणून व्याख्येत बसणाऱ्यांनाच आहे, ती व्याख्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातून घेतलीय, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक पतसंस्थेने ती वापरली तर आधी व्याख्या दाखवा म्हणा.

खातं बंद केलं तरी केवायसी पुसत नाहीत, त्यावर चिडू नका, मनी लाँडरिंगच्या कायद्याने बँकेला ते रेकॉर्ड ५ वर्षं ठेवावंच लागतं.

आता पोलीस आणि सरकार. नाशिकला २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडापासून सगळीकडे कॅमेरे असणार. गुन्हा रोखायला, शोधायला डेटा वापरला तर सूट आहे, म्हणजे "माझं फुटेज दाखवा" हा हक्क तिथे चालणार नाही. पंचवटीतल्या लॉजवाल्याने पोलिसांच्या लेखी मागणीवरून तुमची माहिती दिली तर दिली हे त्याने तुम्हाला सांगायलाच हवं असंही नाही. पण तोच लॉजवाला तुमचा फोटो जाहिरातीत लावेल तर सूट नाही! सरकारी यंत्रणेकडून डेटा पुसून घ्यायचा हक्क मात्र चालत नाही, आणि देशाच्या सुरक्षेसाठी केंद्राने नोटिफाय केलेल्या यंत्रणांना त्या कामात अख्खा कायदाच लागू नाही. हे मला जरा जास्तच वाटतं, पण कायदा तसा आहे.

आपल्याकडच्या आयटीवाल्यांसाठी एक: परदेशी कंपनीशी करार करून तिकडच्या ग्राहकांचा डेटा इथे बसून हाताळला तर त्यालाही सूट आहे. पण एचआरने तुमच्या स्वतःच्या फाइलबद्दल तेच कारण पुढे केलं तर मान्य करू नका, तुम्ही भारतातच बसलाय.

कलम १७ च्या या कामांपुरत्या सवलतींमध्ये एक गोष्ट तरीही सुटत नाही, डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी. लीक झाला तर "आम्हाला सूट होती" चालत नाही, त्यासाठी दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

उत्तर पटलं नाही तर आधी कंपनीच्याच तक्रार यंत्रणेकडे जायचं, त्यांना जास्तीत जास्त ९० दिवस आहेत. तिथे काही झालं नाही तरच डेटा प्रोटेक्शन बोर्ड, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारं मंडळ, त्याचं काम ऑनलाइनच चालणार, त्यामुळे दिल्लीला जायला नको. मेल, उत्तरं, तारखा सगळं जोडा, आणि रागात खोटं काही घुसडू नका, खोट्या तक्रारीला आपल्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.