सुट्ट्या पैशांत एरर नाणं शोधताना या चुका टाळा

पदेराकडून (पाववाल्याकडून) परत आलेले सुटे, कदंब बसमधली चिल्लर, गाड्यावरच्या डब्यातली नाणी: गोव्यात शोधायला माल भरपूर आहे. घोळ होतो तो निकालात. टाकसाळीत नाणं पाडताना झालेली चूक म्हणजे एरर. नंतर चाकाखाली किंवा हातोड्याखाली जे झालं ते निव्वळ नुकसान. पुढच्या बहुतेक चुका हा फरक न केल्यामुळे किंवा साधं नाणं कसं असतं हेच माहीत नसल्यामुळे होतात.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे ‘फिरलेला ठसा’, म्हणजे एका बाजूच्या मानाने दुसरी बाजू फिरलेली छापलेलं नाणं. सिंहमुद्रा सरळ ठेवा, नाणं वर आणि खाली चिमटीत धरा आणि वहीचं पान उलटावं तसं आडवं फिरवा. भारतीय नाण्याची मागची बाजू सरळच दिसायला हवी. अनेक जण नाणं वरून खाली उलटतात आणि आकडा डोक्यावर उभा दिसला की १८० अंशांची एरर मिळाली म्हणून नाचतात. अमेरिकन व्हिडिओ पाहून ही सवय लागते, कारण त्यांच्या नाण्यांची रचनाच तशी उलटी असते. पर्यटकांकडून आलेलं अमेरिकन क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) घरात असेल तर दोन्ही शेजारी ठेवून फिरवून बघा, लगेच कळेल. थोडासा कल भारतीय नाण्यांत सर्रास सापडतो, त्याला कुणी पैसे देत नाही.

सालाखालची टाकसाळीची खूणही अशीच चकवते. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. त्यामुळे ‘खूण छापायची राहिली’ म्हणून बाजूला काढलेलं नाणं बहुधा कोलकात्याचं असतं.

दहा रुपयांवर १० रेषा की १५, हासुद्धा एररचा प्रश्न नाही. रुपयाचं चिन्ह नसलेलं आणि असलेलं, दोन्ही नाणी खरीच. दहाच्या नाण्याचे १४ प्रकार चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. दोन रुपयांवर चार रेषा एकमेकींना छेदतात ते नाणं काही जण ‘क्रूसाचं’ म्हणून जपून ठेवतात. ती नेहमीची छपाई आहे, दुर्मिळ मुळीच नाही.

आता बनावट. कड कापलेलं नाणं मिळालं तर कापाच्या बरोबर समोरची किनार पाहा. पत्र्यातून चकती पाडताना आधीच्या भोकावर काप पडला असेल, तर समोरची किनार सहसा पुसट उठते आणि कापाजवळची अक्षरं ओढल्यासारखी होतात. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची किनार ठणठणीत असते आणि अक्षरं तटकन तुटलेली दिसतात. उलट्या, खोलगट छापेच्या नाण्याला संग्राहक ब्रॉकेज म्हणतात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर त्याची आरशातली छाप पडते. पण दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबूनही तसलं काही करता येतं. तेव्हा दुसरी बाजूही पाहा: तिथली नक्षी चेपलेली असेल तर नाणं बनावट समजून सोडून द्या. शंका आली तर दागिन्यांच्या काट्यावर वजन करा. दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, तर सिंहमुद्रा आणि नकाशा असलेलं जुनं अकराकोनी दोन रुपयांचं ६ ग्रॅमचं असतं.

आमसूल किंवा चिंच लावून नाणं कधीच घासू नका. तांब्याची भांडी त्याने लखलखतात, पण नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो आणि त्याबरोबर किंमतही. पोर्तुगीज काळातला तंगा किंवा एस्कुदो घरात निघाला तर हे दुप्पट लागू. पावसाळ्यात साध्या पीव्हीसी पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर धरतो, म्हणून पाकीट पीव्हीसी नसलेलं घ्या आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा.

‘वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये’ असा संदेश आला आणि पुढे कुणी नोंदणी शुल्क किंवा कर मागितला, तर तो सरळ फसवणुकीचा धंदा समजा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नाण्यांवर कमिशन उकळलं जातं, असा इशारा खुद्द बँकेने २०२१ मध्ये दिला आहे.

बँकेतून एकदम बरीच नाणी घ्यायची तर परदेशात कागदी गुंडाळ्या मिळतात, आपल्याकडे मोजून भरलेल्या पिशव्या. त्या सुट्टीच्या गर्दीत मागू नका, मॅनेजरला आधी विचारा. आणि तपासून झालेली नाणी त्याच शाखेत भरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तीच पिशवी पुन्हा तुमच्याच हातात येईल.