नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये खोली घेण्याआधी हे विचारा

विद्यापीठाच्या झेर्निके कॅम्पसजवळच्या पाडेपूल, सेलवेर्ड या भागांत विद्यार्थ्यांची बरीच वस्ती आहे. तिथे खोली पसंत पडली की घरमालकाला आधी एवढंच विचारा: या पत्त्यावर महापालिकेत नोंदणी करता येईल ना? ‘नाही’ म्हणाला, तर कितीही स्वस्त असली तरी ती खोली सोडून द्या. नोंदणी अडली की बीएसएन, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, अडतो, मग बँक, पगार, विमा सगळंच रखडतं.

करारात मूळ भाडं आणि वीज-गॅसचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. अनामत मूळ भाड्याच्या दुपटीहून जास्त मागता येत नाही. जुलै २०२३ पासून तसा कायदाच आहे. भाडं अवाच्या सवा वाटलं, तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ‘ह्यूरकोमिसी’ या भाडे लवादाकडे जा. तिथे खोलीचं क्षेत्रफळ, स्वयंपाकघर वगैरेंचे गुण मोजून भाडं ठरवतात. आणि भारतातून पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर खोली बघाच.