रक्त थांबवताना या चुका टाळा

पलटणीत मी बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे लढाईत जखमींवर प्रथमोपचार करणारा जवान होतो. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं घर, त्यामुळं खानापूर-निपाणीकडं गावागावांत माजी सैनिक आहेत. उसाच्या फडात कोयता लागला किंवा हायवेला ट्रॉली उलटली, की माणसं आधी आम्हालाच हाक मारतात. हे त्यांच्यासाठी आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी.

पहिली चूक क्रमाची. जखमीच्या तोंडावर पाणी मारत बसतात, अन् मांडीतून रक्त कारंज्यासारखं उडत असतं. लष्करात क्रम पाठच असतो: आधी धो-धो वाहणारं रक्त, मग श्वासाची वाट, छाती, नाडी आणि शेवटी डोकं व अंगाची ऊब. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. 108 ला फोन दुसऱ्याला करायला सांगा, तुमचे हात जखमेवर हवेत.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली. फडात एकाच्या मांडीला मी टूर्निके, म्हणजे दांडी पिळून आवळायचा रक्त थांबवणारा पट्टा बांधला, दांडी पिळली, तरी रक्त थांबेना. पुन्हा पिळली. शेवटी कळलं, पट्ट्याखाली पँटच्या खिशात चुन्याची डबी होती! सगळा दाब तीच खात होती. तेव्हापासून आधी खिसा चाचपतो. पट्टा जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, दोन-तीन इंचांवर बांधायचा, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. जखम नेमकी दिसत नसेल तर मांडीत किंवा दंडात जमेल तितका वर. एकानं भागलं नाही, तर त्याच्या शेजारी वरच्या बाजूला दुसरा. सुतळी किंवा तार नको, ती मांसात रुतते. पट्टा निदान दीड इंच रुंद हवा.

नीट आवळला की जखमी ओरडतोच. इथं लोकांना दया येते. "दादा, जरा सैल करा की!" अजिबात करू नका. दर पंधरा मिनिटांनी ढिला करायचा, हे जुनं शिक्षण आता मोडीत निघालंय. ढिला केला की धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा रक्त जातं. दोन तासांपर्यंत पाय जाण्याची भीती कमी असते. सोडायचं काम डॉक्टरांचं.

जांघ आणि काखेत पट्टा बसत नाही. तिथं स्वच्छ कापड बोटानं खोल कोंबायचं आणि दोन्ही हातांनी वजन टाकून दाबायचं, साधं कापड असेल तर निदान दहा मिनिटं. मधेच उचलून "थांबलं का?" बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, चहापूड काही नको. घुसलेलं लोखंड उपसू नका.

ऊस हंगाम थंडीतला. ओल्या मातीवर पडलेल्याचं अंग गार पडतं आणि गार रक्त नीट गोठत नाही. खाली पोतं, वर घोंगडं. चहा-पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं.

आणि पट्टा बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर पेनानं लिहा, 4:20 अशी, इंग्रजी आकड्यांत. दवाखान्यात पुढचा माणूस कानडी असो की मराठी, आकडा दोघांनाही वाचता येतो.