चेतापेशी कशी घडते हे शिकताय? ‘चालू’ जनुकावर लगेच विश्वास ठेवू नका

बीएमपी या प्रथिनाचा संदेश मिळाला की भ्रूणाच्या बाह्यस्तरातली पेशी त्वचेकडे वळते आणि नोगिन, कॉर्डिन या प्रथिनांनी तो अडवला की चेतासंस्थेकडे, इथपर्यंत तुम्ही आलेले आहात असं धरते. १९२४ मध्ये स्पेमान आणि मँगोल्ड यांनी न्यूटच्या भ्रूणात ‘ऑर्गनायझर’, म्हणजे शेजारच्या पेशींना चेतासंस्थेकडे वळवणारा भाग, दाखवला, पण तो नेमकं कोणत्या रेणूंनी काम करतो हे उलगडायला १९९०चं दशक उजाडलं. सॉक्स२, पॅक्स६ ही जनुकांची नावं आपोआप पाठ होतात, त्यांची धास्ती घेऊ नका.

घात होतो तो पुढे. जनुक चालू दिसलं म्हणजे पेशीचं ठरलं, असं आपण वाचतो. मीही पुष्कळ दिवस तसंच वाचलं, म्हणून हे जरा लांबण लावून सांगते.

उंदराच्या भ्रूणातल्या मेंदूचा छेद घ्या. काही पूर्वज पेशींत (ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी होतात) हेस१ हे प्रथिन भरपूर, काहींत न्यूरोजेनिन२. पहिलं चेतापेशी होण्याला रोखतं, दुसरं ढकलतं. म्हणजे पेशींचे दोन गट? नाही. हेस१चं प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबतं आणि प्रथिन व आरएनए दोन्ही लवकर नष्ट होतात. त्यामुळे पातळी पडते, दाब सुटतो, पुन्हा चढते. साधारण दोन-तीन तासांत एक फेरा. हेस१ खाली असताना त्याच पेशीत न्यूरोजेनिन२ आणि डेल्टा वर येतात. डेल्टा हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन शेजारच्या पेशीवरचा नॉच हा ग्राही जागा करतं आणि तिला पूर्वजच राहायला लावतं. थोड्या वेळाने भूमिका उलटतात. छेदात दिसलेले ‘दोन गट’ हे एकाच प्रकारच्या पेशींचे वेगवेगळे क्षण असू शकतात. हेस१ खालीच राहतं आणि न्यूरोजेनिन२ टिकून राहतं, तेव्हा कुठे पेशी चेतापेशी होऊ लागते.

अ‍ॅस्कल१ या चेतापेशीकडे ढकलणाऱ्या प्रथिनाचंही तसंच. २०१३ मध्ये प्रकाशाने त्याची पातळी हलवून पाहिली गेली: वरखाली होत राहिली तर पूर्वज पेशी विभागत राहतात, टिकून राहिली तर चेतापेशी होतात. प्रथिन तेच! म्हणून ‘अ‍ॅस्कल१ काय करतं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. किती वेळ, हे विचारा.

एकेका पेशीतला आरएनए वाचणाऱ्यांनो (सिंगल-सेल सीक्वेन्सिंग), तुमची पेशी मोजतानाच मेलेली असते. स्यूडोटाइमची रेघ म्हणजे साम्यावरून लावलेला क्रम, घड्याळ नव्हे. ‘आधी डेटा काढ, अर्थ मागाहून लागेल’ म्हणणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत. ‘हे तुला कशावरून कळलं?’ असं विचारून भंडावणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतकातल्या पेशींत) अ‍ॅस्कल१, ब्रन२ आणि मायटी१एल ही जनुकं घालून चेतापेशी करता येतात, हे २०१० पासून माहीत आहे. सुंदर प्रयोग आहे, पण त्यावरून भ्रूणही तसंच करतो असं लिहिलंत तर परीक्षक फाडून खातील, आणि बरोबरच करतील.

गणिताला मात्र बिचकू नका. स्वतःला दाबणारं जनुक आणि मध्ये थोडा विलंब, एवढं एक समीकरण संगणकावर चालवून बघा; विलंब कमी केला की लाटा विरतात. ते जमल्यावर आरईएसटी या प्रथिनाकडे वळा. ते इतर पेशींत चेतापेशींची जनुकं बंद ठेवतं, आणि तिथे हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.