जुन्या जाहिरातींसारखा स्टॉप-मोशन करताय? या चुका टाळा

स्टॉप-मोशन म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते जोडून ती हलताना दाखवायची. अशा जाहिरातीला १९४०-५० च्या काळाचा बाज द्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी ओरखड्यांचा फिल्टर शोधतात. पहिली चूक इथेच होते. ते ओरखडे प्रिंट प्रोजेक्टरवर झिजून पडलेले असतात. नवी प्रिंट तेव्हाही लख्खच दिसायची. लकी स्ट्राइक या सिगारेट ब्रँडच्या १९४८ च्या जाहिरातीत सिगारेटी जोडीजोडीने नाचतात. बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो त्यांचा ठेका.

तो अंदाजपंचे येत नाही. आधी संगीत पक्कं करा, मगच फोटो काढा. सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे पडद्यावरची स्थिर चित्रं) आणि मिनिटाला १२० ठोके धरले तर एका ठोक्याला १२ फ्रेम मिळतात. एकेक फोटो दोन फ्रेम ठेवणार असाल तर ठोक्याला ६ फोटो, ३० सेकंदांना ३६०. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय वस्तूला हात लावू नका. संगीत मागाहून चिकटवलं तर काडेपेटी एकीकडे नाचते आणि ढोलकी भलतीकडेच वाजते. शिवाय प्रत्येक फोटोला सारखंच अंतर सरकवू नका. निघताना २ मिमी, मग ४, मग ८ आणि थांबताना पुन्हा कमी, असं केलं नाही तर वस्तू दोरीने ओढल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त वैताग देतो तो फ्लिकर, म्हणजे चित्राची लुकलुक. कॅमेरा ऑटोवर असला की तो प्रत्येक फोटोला उजेडाचा नवा हिशोब करतो. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), फोकस सगळं मॅन्युअल, म्हणजे हाताने ठरवलेलं करा. मोबाईल असेल तर लॉक करा. एवढं करूनही लुकलुक राहिली तर लेन्सकडे बघा. तिच्यातलं उजेड आत सोडणारं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. आधुनिक लेन्सचं अ‍ॅपर्चर प्रत्येक क्लिकला नव्याने मिटतं आणि दर वेळी केसभर कमीजास्त मिटतं. यावर जुनी, अ‍ॅपर्चरची रिंग हाताने फिरवायची लेन्स लावणं हा चांगला उपाय. खिडकी काळ्या कापडाने झाका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटरचा वेग १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवा. आणि पांढरा शर्ट घालून टेबलाशी वाकू नका, त्याचा उजेड वस्तूवर पडतो! मी एक अख्खी रात्र दिवे बदलत बसलो होतो; दोष निघाला माझ्या सदऱ्याचा. लुकलुक घालवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती थोडीफारच सावरून घेतात.

मातीच्या बाहुलीचं तोंड दर फोटोला कोरत बसणं हीही हौशी चूक. जॉर्ज पाल या बाहुलीपट बनवणाऱ्याने १९३० च्या दशकात नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनला फिलिप्ससाठी बाहुल्यांचे जाहिरातपट केले. त्याच्या पद्धतीत लाकडी बाहुली फारशी वाकवायची नाहीच. प्रत्येक हावभावासाठी वेगळं डोकं, चालीच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे पाय तयार असत. एका फिल्मला असे हजारो तुकडे लागत. आपल्याला चार-पाच तोंडं पुरतात. फक्त ती खाचेत किंवा टाचणीवर एकाच जागी बसतील असं बघा, नाहीतर डोकं थरथरतं.

ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेपने चिकटवा, क्लिक रिमोटने करा, बॅटरीऐवजी अ‍ॅडॉप्टर वापरा. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस एकाच जागेवरून एकेक फ्रेम घेत टिपली होती. भांडवल लावणाऱ्याला तंत्र पटवण्यासाठी केलेली ती फिल्म म्हणजे एका अर्थाने जाहिरातच. पुढे त्यांनी आगकाड्याही नाचवल्या. कुंडी किंवा कॅमेरा मध्येच हलला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. तुमच्याकडे हललंच, तर मागच्या फ्रेमची पुसट छाया स्क्रीनवर ठेवून जुळवून घ्या; फार हललं असेल तर तिथेच शॉट तोडून क्लोजअप घ्या.

राहता राहिला उकाडा. मे महिन्यात प्लॅस्टिसिन (बाहुल्या करायची तेलकट माती) दिव्याखाली ढिली पडते आणि पंखा लावला तर कागदी लेबल फडफडतं. गरम बल्ब काढून एलईडी लावा आणि जमलं तर शूटिंग जानेवारीत उरका.