शोपँच्या पलीकडचा पोलिश पियानो: अल्बम हाती लागला तर ऐकायचा कसा

पोलिश पियानो म्हटलं की एकोणिसाव्या शतकातला संगीतकार शोपँ, आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. पण त्याच्या आधी आणि नंतरही तिकडे इतकं जबरदस्त काम झालंय की अशा कमी ऐकलेल्या लोकांचा एखादा अल्बम सापडला तर तो सोडू नका. फक्त अख्खा अल्बम मागे लावून भाजी चिरत बसू नका, कारण मग सगळे तुकडे एकसारखे वाटतात आणि शेवटी "छान होतं" यापलीकडे काही हाती लागत नाही. एका वेळी एकच रचना घ्या, तीच दोन-तीनदा ऐका.

आधी शोधायचं कसं ते. ॲपवर नुसतं नाव टाकलं की गोंधळ होतो. मारिया शिमानोव्स्का (1789 ते 1831) आणि कारोल शिमानोव्स्की (1882 ते 1937) हे दोन वेगळे संगीतकार, मध्ये जवळपास शतकभराचं अंतर, पण सर्चमध्ये दोघं शेजारी शेजारी येऊन बसतात. म्हणून नावासोबत रचनेचं नाव आणि असेल तर ओपस नंबर, म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक टाका, आणि वाजवणारा कोण आहे ते वेगळं बघा. हायपेरियन या इंग्लंडच्या लेबलने अशा मागे पडलेल्या पोलिश संगीतकारांवर खूप मेहनत घेतलीये, त्यांचे अल्बम आधी स्ट्रीमिंगवर नव्हतेच, 2023 पासून यायला लागले, त्यामुळे पूर्वी शोधून मिळालं नसेल तर आता परत बघा.

लोकलमध्ये मात्र हे ऐकू नका, खरंच सांगतो. या रेकॉर्डिंगमध्ये अगदी हळू आणि अगदी जोरात यातलं अंतर खूप मोठं असतं, अंधेरी ते चर्चगेटच्या खडखडाटात हळू भाग पूर्ण बुडतो, मग आपण आवाज वाढवतो आणि पुढच्याच मिनिटाला कान बधिर. रात्री घर शांत झाल्यावर ऐका, पंखा चालला तर बंद करा. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान करणारा पर्याय आणि क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा संपता संपता पुढचा सुरू करणारा पर्याय, दोन्ही बंद ठेवा. क्रॉसफेड चालू असेल तर एका तुकड्याचा शेवटचा सूर विरायच्या आत दुसरा अंगावर येतो, आणि पियानोत तो विरणारा सूरच तर ऐकायचा असतो.

आता मुख्य गोष्ट, लय. 1795 ते 1918 पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता, आणि त्या काळात मझुर्का, पोलोनेझ हे नाच म्हणजे तिथल्या लोकांसाठी नुसते नाच राहिले नाहीत. मझुर्का तीन मात्रांची. आपल्याला दादऱ्यात समेवर वजन टाकायची सवय, इथे वजन बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतं आणि मध्येच जागा बदलतं. मांडीवर एक-दोन-तीन बोटं टेकवत राहा आणि वादक कुठल्या मात्रेवर रेंगाळतो तेवढंच बघा, बाकी सगळं सोडून द्या. सुरुवात शिमानोव्स्काच्या मझुर्कांपासून करा, एकेक अगदी छोटी, अंगण ओलांडावं तशी संपते. ही बाई शोपँ जन्मायच्या आधीची, युरोपभर कार्यक्रम करणारी पियानिस्ट, जर्मन कवी गटेसारखा माणूस तिच्या वादनावर फिदा होता. तिचं बी फ्लॅटमधलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या वातावरणाचा संथ तुकडाही लगेच ऐकून घ्या.

मग थेट शिमानोव्स्कीच्या ओपस 50 वर या. वीस मझुर्का, 1924 ते 26 च्या. तोपर्यंत तो झाकोपानेला, टाट्रा डोंगरांतल्या लोकांच्या गाण्यात पुरता रमला होता. त्या गाण्यांत तीव्र मध्यम येतो, बऱ्याचदा जोडीला कोमल निषाद, म्हणजे वाचस्पती राग ऐकलेल्या कानाला हे सूर परके वाटणारच नाहीत. पहिल्या नंबरात सूर आधी एकटाच येतो. तो तीव्र मध्यम पकडा, मग डाव्या हातात षड्ज-पंचम धरून ठेवल्यासारखं कुठे कुठे होतं ते शोधा. राग मात्र शोधत बसू नका, मांडणी पूर्ण वेगळी आहे आणि पुढे डावा हात मुद्दाम खटकणारे सूर टाकतो, तेच तर यातलं सौंदर्य. पहिल्या चार मझुर्का पियानिस्ट आर्थर रुबिनस्टाइनला अर्पण केल्यात, त्याने काही रेकॉर्डही केल्यात. त्याची एक आणि आजच्या कुणाची तरी तीच एक, अशी लागोपाठ लावा, मझुर्का किती ताणता येते ते तेव्हा कळतं.

यानंतर संगीतकार ग्राझिना बात्सेविच. मूळची व्हायोलिनवादक, पण पियानोही अशी वाजवायची की 1953 ची आपली दुसरी सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) पहिल्यांदा तिनेच सादर केली. पियानिस्ट क्रिस्तियन झिमरमनचं 2011 मध्ये आलेलं रेकॉर्डिंग घ्या. तीन भाग आहेत, पण पहिल्या खेपेला शेवटचा टोकाटा, म्हणजे वेगवान बोटांचा भाग ऐका, तो ओबेरेक नावाच्या नाचावर आहे, तोही तीन मात्रांचाच पण सुसाट. मांडीवरची बोटं इथे मागे पडतील, पडू द्या. दुसऱ्या खेपेला मधला संथ लार्गो, मग पहिल्यापासून सलग.

नोटेशन येत नसलं तरी इंटरनेटवर फुकट मिळणारी जुनी स्कोअर, म्हणजे छापील नोटेशन, उघडून समोर ठेवा, सूर वर चढतात, खाली येतात, दाटी कुठे होते एवढं डोळ्यांना कळतं. ज्यांना वाजवायचंय त्यांनी मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या संगीताच्या दुकानात विचारून बघावं. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या पियानो रिसायटलचा कार्यक्रम जाहीर झाला की शिमानोव्स्की किंवा बात्सेविच आहे का बघा, असेल तर तिकीट काढाच.

आणि संगीतकार युलिउश झारेंब्स्की अगदी शेवटी ठेवा. प्रसिद्ध पियानिस्ट लिस्टचा शिष्य, क्षयाने 1885 मध्ये गेला, वय 31. त्याच वर्षी लिहिलेलं जी मायनरमधलं पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यं) छापून यायला 1931 उजाडलं. पियानिस्ट मार्था आर्गेरिचचं लाइव्ह रेकॉर्डिंग मिळतं. यासाठी सुट्टीच्या दिवसाची सकाळ ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि चारही भाग न थांबता ऐका.